कबुली आणि परतफेड

'कबूल' हा शब्द कळमनुरीच्या माणसाला प्रामुख्याने तीन ठिकाणी भेटतो. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याचे आकडे कबूल होतात, पोलीस ठाण्यात कबुलीजबाब होतो आणि बँकेत कर्जाची कबुली द्यावी लागते. पहिल्या दोन कबुल्या सर्वांना ठाऊक आहेत. तिसरीशी माझा उभा जन्म संबंध आला, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द सांगतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानुसार कर्जवसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत कर्जदाराने 'होय, मी इतके देणे लागतो' असे लिहून सही केली, की मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. त्यामुळे दर दोन-अडीच वर्षांनी आम्ही मोटारसायकलला किक मारून वाड्यावस्त्यांवर या सहीसाठी हिंडत असू. शेतकरी सहीला का कचरतो, हे आम्हाला पक्के ठाऊक असे. सही केली की कर्ज जिवंत राहते, नाही केली तर ते एखादे वेळी मरूनही जाते.

म्हणजे ठाण्यातली कबुली माणसाला शिक्षेकडे नेते आणि बँकेतली कबुली देणे जिवंत ठेवते. दोन्हीकडे बोलणारा अडकतो. मग ज्या कबुलीने माणूस सुटतो, अशी एखादी कबुली असते का? कॅथलिक ख्रिस्ती म्हणतात, असते. तिला इंग्रजीत कन्फेशन म्हणतात, कोकणीत कुमसार म्हणतात, आणि पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार म्हटले तर मराठी माणसाला अर्थ कळतो. चर्चच्या सात संस्कारांपैकी हा एक. मी ख्रिस्ती नाही, आणि हा लेख कोणाचा धर्म पटवून देण्यासाठीही नाही. पण ज्या गोष्टीवर आपण सहज थट्टा करतो ती एकदा नीट समजून घ्यावी, एवढाच हेतू.

आमच्या भागात कन्फेशन ठाऊक आहे ते सिनेमातून. लाकडी खोका, मधे जाळी, अलीकडे गुडघे टेकलेला नायक नाहीतर खलनायक, पलीकडे पांढऱ्या झग्यातले फादर. यापुढे आपले ज्ञान जात नाही, त्याला कारणही आहे. मराठी वाचकाला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली ती बाबा पदमनजी आणि नारायण वामन टिळक यांच्यामुळे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मराठी मिशनमध्ये. मराठवाड्यात जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे. ही सारी मंडळी प्रॉटेस्टंट पंथांची. धर्मगुरूच्या कानाशी बसून एकेक पाप सांगण्याची पद्धत त्यांच्या रोजच्या धर्माचरणात नव्हती. कॅथलिक मराठी माणूस होता तो वसईत आणि कोकणपट्टीत. आमचा हिंगोली जिल्हा ज्यात मोडतो तो कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठवाड्यातल्या पुष्कळ रसिकांनी इतके सुरेख मराठी बोलणारा कॅथलिक धर्मगुरू पहिल्यांदाच समोर पाहिला असेल. २०२४ साली ते गेले.

त्यामुळे आपल्याकडे कन्फेशनविषयी दोनच वाक्ये ऐकू येतात. एक : 'बरे आहे, आठवडाभर पाप करायचे, रविवारी फादरच्या कानात सांगायचे, सोमवारपासून पुन्हा मोकळे!' दुसरे वाक्य जरा विचारी माणसाचे असते : 'देवाला सगळे ठाऊकच आहे, मग मधल्या माणसाला सांगायचे कशाला?' पहिल्या वाक्याचे उत्तर चर्चच्या नियमांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला पुस्तकात मिळाले नाही, त्याकडे शेवटी येतो.

नोकरीच्या मधल्या काळात माझी बदली वसई भागात झाली होती. शाखेतले एक सहकारी तिथलेच, घरी वाडवडिलांपासून कॅथलिक. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात एका संध्याकाळी ते मला म्हणाले, 'साहेब, आज जरा लवकर निघतो, चर्चमध्ये पापनिवेदन आहे.' मी गमतीने विचारले, 'वर्षभराचे क्लोजिंग का?' ते हसले नाहीत. म्हणाले, 'क्लोजिंगच समजा. पण खोट्या एंट्र्या मारून टॅली केलेले चालत नाही.' पुढे अनेक दुपारी डबा खाताना त्यांनी मला हा सगळा व्यवहार उलगडून सांगितला. नंतर मी पुस्तकेही वाचली. ती सहकाऱ्यांच्या सांगण्याला धरूनच निघाली.

या संस्काराची पाच अंगे शिकवली जातात. पहिले, आपल्या सदसद्विवेकबुद्धीची झडती घेणे. म्हणजे शांत बसून, मागच्या खेपेपासून आपण काय केले आणि करायला हवे ते काय केले नाही, हे आठवणे. दुसरे, पश्चात्ताप. तिसरे, पुन्हा तसे न करण्याचा निश्चय. चौथे, धर्मगुरूपुढे तोंडाने सांगणे. आणि पाचवे, सांगितलेले प्रायश्चित्त पुरे करणे. सिनेमात दिसते ते फक्त चौथे अंग. आधीची तीन नसतील तर चौथ्याला अर्थ नाही. समोरच्याला पश्चात्ताप नाही, किंवा चाललेले पाप सोडायची त्याची तयारी नाही, असे दिसले तर धर्मगुरू क्षमेचे शब्द उच्चारत नाही. आणि त्याला फसवून ते शब्द मिळवले, तरी ती क्षमा चर्चच्या दृष्टीने पोकळ असते. तेव्हा 'सोमवारपासून पुन्हा मोकळे' असा बेत मनात धरून आलेला माणूस जसा आला तसाच परत जातो. उलट दुसरे पाप पदरात पाडून जातो.

चौथ्या अंगाची रीत साधी आहे. माणूस क्रुसाची खूण करतो, मागच्या पापनिवेदनाला किती दिवस झाले ते सांगतो आणि मग पापे सांगतो. गंभीर पापे मोघम सांगून भागत नाही. कोणते पाप, कितीदा, हे सांगावे लागते. 'मी वाईट वागलो' हे वाक्य तिथे पुरेसे नाही. आम्हा बँकवाल्यांना हे लगेच पटते. ऑडिटरपुढे 'हिशेबात थोडी गडबड आहे' असे म्हणून सुटका होत नाही, तारीख आणि रक्कम सांगावी लागते. मग धर्मगुरू चार शब्द समजुतीचे सांगतात, प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना किंवा एखादे सत्कृत्य नेमून देतात, माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो आणि धर्मगुरू देवाच्या नावाने त्याला पापमुक्त करतात. फोनवर किंवा इंटरनेटवर हा संस्कार होत नाही, समोर यावेच लागते. वर्षातून निदान एकदा गंभीर पापांचे निवेदन करणे प्रत्येक जाणत्या कॅथलिकाला बंधनकारक आहे. त्यातून धर्मगुरू सुटत नाहीत, बिशप सुटत नाहीत आणि पोपही सुटत नाहीत. पोप फ्रान्सिस २०१४ च्या मार्चमध्ये सेंट पीटर्समध्ये लोकांची पापनिवेदने ऐकायला निघाले, आणि ती ऐकण्यापूर्वी स्वतःच एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले. ते छायाचित्र जगभर छापून आले होते.

आता पाचव्या अंगाकडे वळतो, कारण थट्टेचे खरे उत्तर तिथे आहे. क्षमेने पाप जाते, पण पापाने झालेले नुकसान भरून निघत नाही, असे चर्च स्पष्ट सांगते. चोरलेले असेल तर परत करावे लागते. कोणाची बदनामी केली असेल तर ती जमेल तितकी धुऊन काढावी लागते. कोणाला इजा केली असेल तर भरपाई द्यावी लागते. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू आपल्या घरी आला या आनंदात तो नुसता रडत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करतो, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. आमच्या भागातले उदाहरण घ्यायचे तर बांधाचे. दर नांगरटीला हातभर बांध कोरणारा शेतकरी गावोगाव आहे. तो उद्या कॅथलिक होऊन फादरपुढे बसला, तर फादर त्याला जपमाळेच्या चार प्रार्थना सांगतील, आणि शिवाय म्हणतील, 'बांध मागे घे.' बांध आहे तिथेच ठेवून निव्वळ प्रार्थना म्हणणाऱ्याला या संस्काराचा उपयोग नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर व्याज माफ होते, मुद्दल फेडावे लागते.

ही पद्धत एका दिवसात ठरली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो, तो या संस्काराचा आधार मानला जातो. पण पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पापांसाठी माणसाला पापी म्हणून उघडपणे इतरांपासून वेगळे उभे राहावे लागे. प्रायश्चित्त कधी कधी वर्षानुवर्षे चाले आणि आयुष्यात एकदाच मिळे. पुढे सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासी साधूंनी खाजगीत, पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपभर नेली. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा ते सक्तीचे केले. जाळीचा खोका तर आणखी उशिरा आला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी तो रूढ केला, आणि त्यामागे स्त्रिया व धर्मगुरू यांच्यात आडपडदा असावा हा सरळ व्यवहारी विचार होता. आज समोरासमोर खुर्चीवर बसूनही पापनिवेदन करता येते. पण ज्याला जाळी हवी त्याला ती मिळाली पाहिजे, असा नियम आहे.

या इतिहासाला काळी बाजू आहे, हेही सांगितले पाहिजे. प्रायश्चित्तातून सूट देणारी पत्रे पैशाच्या बदल्यात वाटली जाऊ लागली, तेव्हा १५१७ साली मार्टिन ल्यूथरने भांडण काढले. त्याचा रोख या बाजारावर होता. मनातले पाप दुसऱ्यापाशी बोलून दाखवणे उपयोगी आहे, असे तो स्वतः मानत असे. आमच्या जवळ, गोव्यात, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, इन्क्विझिशन चालले. तिथलेही कबुलीजबाब 'कन्फेशन'च म्हणवले जात. पण ते ठाण्यातल्या जातीचे होते : धाकाने घेतलेले, लिहून ठेवलेले, शिक्षेसाठी वापरलेले. त्या आठवणीमुळे हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला असेल, तर त्यात आपला दोष नाही.

त्याच काळातली एक वेगळी गोष्ट मला लेखक म्हणून फार मोलाची वाटते. चर्चची मिस्सा विसाव्या शतकात १९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होत असे. भाविकाला शब्द कळले नाहीत तरी चाले. पण पाप लॅटिनमध्ये सांगता येत नाही. ते आईच्या भाषेतच सांगावे लागते. म्हणून लोकांची पापे ऐकायची तर परदेशी धर्मगुरूंना लोकांची बोली शिकणे भागच होते. १५८० साली कोचीनला तमिळमध्ये छापलेले हेन्रीक हेन्रीकिश यांचे पुस्तक पापनिवेदनाच्या तयारीचेच आहे. गोव्यात १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स मराठी आणि कोकणी शिकले. १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, आणि त्यांची कोकणीतली ख्रिस्ती शिकवणुकीची पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली आली. धर्मप्रसाराचा हेतू होताच. पण ज्याचे ऐकायचे त्याची भाषा आधी शिकली पाहिजे, हा धडा त्यात आहे, आणि तो बँकांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत सर्वांनी घ्यावा असा आहे.

वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. पोर्तुगीज गेले, पण तिथले मराठी बोलणारे ख्रिस्ती आपल्या धर्मासह तिथेच राहिले. ती माणसे आपलीच. त्यांचा हा संस्कारही आपल्याला वाटतो तितका परका नाही. जैनांचे प्रतिक्रमण आणि क्षमापनेचा दिवस आपल्या शेजारच्या घरात होतो. बौद्ध भिक्खूंनी महिन्यातून दोनदा उपोसथाला जमून आपले नियमभंग कबूल करावेत, असा विनयाचा दंडक आहे. हिंदू धर्मशास्त्रातही पाप उघड सांगणे आणि पश्चात्ताप करणे हे पापमुक्तीचे उपाय म्हणून सांगितले आहेत. महामहोपाध्याय काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा विस्ताराने विचार केला आहे.

पण व्यवहारात आपले प्रायश्चित्त जातीच्या पंगतीशी बांधले गेले. पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण आठवून पाहा. १८९० साली तिथे चहा-बिस्किटे पुढे आली, हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले. लोकमान्यांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. या साऱ्यात कोणाच्या मनाला खरोखर काय टोचत होते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. चहा प्याला की नाही आणि पंगतीला बसवायचे की नाही, एवढाच वाद. जातपंचायतींनी तर प्रायश्चित्ताचा दंड आणि वाळीत टाकण्याचे हत्यार करून टाकले. अखेर महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे कबुली चव्हाट्यावर आली, आणि चव्हाट्यावर खरे बोलणारा माणूस विरळा.

आमच्या जिल्ह्यातलीच एक आख्यायिका इथे सांगण्याजोगी आहे. नर्सी हे संत नामदेवांचे गाव, औंढ्याचा नागनाथही इथलाच. नामदेव पूर्वायुष्यात वाटमारी करीत, असे एका जुन्या कथेत सांगितले आहे. वारकरी परंपरेतले अनेकजण आणि पुष्कळ अभ्यासक ही कथा मानत नाहीत. मीही ती इतिहास म्हणून सांगत नाही. औंढ्याच्या देवळात एक बाई भुकेने रडणाऱ्या पोरावर चिडलेली नामदेवांना दिसते. विचारल्यावर ती सांगते, की याचा बाप वाटमाऱ्यांनी मारला, आता मी याला कुठून घालू? आपण कोणाशी बोलतो आहोत, हे तिला ठाऊक नसते. ऐकणारा मात्र आतून कोसळतो. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्याला एक गोष्ट कळली होती. पाप करताना दिसत नाही तो माणूस, ज्याचे नुकसान झाले तो, समोर आला की पश्चात्ताप सुरू होतो.

आता गुप्ततेविषयी, कारण आजच्या काळात कन्फेशनचा वाद आहे तो तिथे. आम्ही बँकेत रुजू होताना गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो. पण बँकेच्या गुप्ततेला दारे आहेत. १९२४ सालच्या टुर्निए खटल्यात इंग्लंडच्या न्यायालयाने ती चार सांगितली : कायद्याची सक्ती, समाजाप्रती कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती. आपल्याकडेही तेच तत्त्व चालते. पापनिवेदनाच्या गुप्ततेला यातले एकही दार नाही. ऐकलेले पाप धर्मगुरूने शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी उघड करायचे नाही. जाणूनबुजून उघड केले तर तो त्या क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. एवढेच नव्हे, तर ऐकलेल्या माहितीचा त्या माणसाला जाच होईल असा वापरही त्याने करायचा नाही. एखाद्या फादरला आपला स्वयंपाकी चोरी करतो हे पापनिवेदनातून कळले, तर त्याने कपाटाला नवे कुलूपही लावू नये, अशी उदाहरणे देऊन हे शिकवतात. प्रागचे संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली राजाने नदीत बुडवले. राणीचे पापनिवेदन सांगायला त्यांनी नकार दिला म्हणून, अशी दंतकथा आहे. इतिहासकार म्हणतात, भांडण चर्चमधल्या एका नेमणुकीवरून होते. पण लोकांनी शतकानुशतके जपली ती दंतकथाच. बोलू शकत असूनही न बोलणारा माणूस लोकांना हवा असतो.

प्रश्न असा, की ही गुप्तता गुन्हेगाराची ढाल होत नाही का? आपल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने वकील आणि पती-पत्नी यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण दिले. धर्मगुरूचे नाव त्यात नव्हते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकांच्या लैंगिक छळाची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले. त्यातही धर्मगुरूंना वेगळी सूट लिहिलेली नाही. २०१८ साली केरळमध्ये ऑर्थोडॉक्स चर्चच्या चार धर्मगुरूंवर आरोप झाले, की एका स्त्रीच्या पापनिवेदनाचा वापर करून तिला धमकावण्यात आले आणि तिचे शोषण झाले. त्यावरून राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करावी, अशी शिफारस केली. कॅथलिक बिशपांनी तिला विरोध केला.

मला दोन्ही बाजू पूर्ण पटत नाहीत. प्रथा बंद करा म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते, की ज्या गोष्टीने त्या स्त्रीचा घात झाला असा आरोप आहे, ती गुप्तता होती की गुप्ततेचा भंग? कॅशियरने अपहार केला म्हणून तिजोरी मोडीत काढत नाहीत. पण चर्चलाही विचारावे लागेल, की एकट्या माणसाच्या हाती दुसऱ्याची सगळी नाजूक माहिती देताना, त्याच्या सचोटीवर भिस्त ठेवण्यापलीकडे काय बंदोबस्त आहे? नियम आहेत. पापनिवेदनाच्या निमित्ताने वाईट मागणी करणाऱ्या धर्मगुरूला शिक्षा आहे, आणि स्वतःच्या लैंगिक पापातल्या भागीदाराला त्याने दिलेली क्षमा रद्दबातल ठरते. पण नियम कागदावर असणे आणि पीडितेचे ऐकले जाणे यांत अंतर असते, हे जगभरच्या प्रकरणांनी दाखवले आहे. मुलांच्या बाबतीत तर माझे मत स्पष्ट आहे. मूल स्वतःवरचा अत्याचार सांगते तेव्हा ते मुलाचे पाप नव्हेच. तिथे ऐकणाऱ्याने त्या मुलाला धीर देऊन, हात धरून, कायद्यापर्यंत नेलेच पाहिजे.

राहिला तो दुसरा प्रश्न. देवाला सगळे ठाऊक आहे, तर तोंडाने सांगायचे कशाला? याचे उत्तर मला कळमनुरी परिसरातल्या एका शाखेत मिळाले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो.

एका शेतकऱ्याच्या घराण्याची जमीन प्रकल्पात गेली होती. कोर्टातून वाढीव मोबदला आला तेव्हा थोरला भाऊ वारलेला, त्याची बायको माहेरी. धाकट्याने सारी रक्कम स्वतःकडे ठेवली. वीसेक वर्षांनी हा धाकटा, आता म्हातारा झालेला, माझ्या टेबलासमोर येऊन बसला. म्हणाला, 'सायेब, वैनीच्या नावानं पैसे ठेवायचेत. कशाचे ते तिला सांगू नका.' मी म्हणालो, फॉर्मवर त्यांची सही लागेल, त्यांना यावे लागेल. चार दिवसांनी बाई आल्या. म्हातारा बाहेर लिंबाखाली उभा. बाईंनी फॉर्म हातात घेतला, रकमेवर बोट ठेवले आणि विचारले, 'हे पैसे कशाचे?' मी बँकेचा माणूस, ग्राहकाने सांगू नका म्हटलेले. मी गप्प. बाई म्हणाल्या, 'मंग मी सही करत नाही.'

अर्धा-पाऊण तास गेला असेल. म्हातारा आत आला. टोपी काढून हातात धरली आणि खाली बघत म्हणाला, 'वैनी, जमिनीचे वाढीव पैसे आले होते. तुमचा हिस्सा मी दिला नाही. तो हा.'

बाई म्हणाल्या, 'मला ठावं होतं भावजी. तेव्हाच ठावं होतं. तुम्ही कधी म्हणता, तेच बघत होते.'

आणि त्यांनी सही केली.

मला वाटते, कॅथलिकांच्या या संस्काराचे मर्म एवढेच आहे. सांगितल्याने ऐकणाऱ्याला नवे काही कळत नाही. त्या बाईंना ठाऊक होते, देवालाही असते. रक्कम आधीच आली होती, म्हणजे परतफेडही झाली होती. तरी तोंडातून ते वाक्य निघेपर्यंत काहीतरी अडून बसले होते, आणि ते पैशाने सुटत नव्हते. परतफेडीशिवाय कबुली पोकळ, हे चर्च सांगते. कबुलीशिवाय परतफेड अपुरी, हे मला त्या दोघांनी शिकवले.

कॅथलिक माणसाला हे वाक्य बोलण्यासाठी एक ठरलेली जागा आहे, ठरलेला वेळ आहे, आणि ऐकून कोणाला न सांगणारा एक कान आहे. आमच्याकडे काय आहे? सावकाराचे किती देणे झाले हे बायकोला न सांगणारा शेतकरी आहे. परीक्षेत नापास झाल्याचे घरी न सांगणारा मुलगा आहे. पारावर बोलावे तर संध्याकाळपर्यंत गावभर होते. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची चर्चा आपण पावसाच्या आणि भावाच्या आकड्यांत करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण कोणाला तरी सांगता आले असते तर, हा प्रश्न त्या घरातल्या माणसांच्या मनात राहतोच. २०२२ साली केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा सुरू केली. तिथे आपल्या भाषेत बोलता येते. ते कन्फेशन नव्हे, पण ऐकणारा कान आहे. हा क्रमांक गावच्या सोसायटीच्या आणि बँकेच्या भिंतीवर, कर्जाच्या व्याजदराच्या पाटीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहावा, असे मला वाटते. भिंतीवर जागा आहे.